बाल्टाझारबुवांचं वैर

पानगळ सुरू झाली की माझा राग ताजा होतो.

बाकीच्यांना या दिवसांत भोपळे सुचतात, सफरचंदाच्या बागा सुचतात, डोंगरात जाऊन रंगीत झाडांपुढे फोटो काढणं सुचतं. पिस्कॅटवेच्या आमच्या गल्लीत सकाळपासून लीफ ब्लोअरची घरघर चालू असते. ओकची फळं टपटप डेकवर आपटतात. मराठी मंडळाच्या ग्रुपवर चकलीची भाजणी कोणाची घ्यावी यावर चर्चा रंगते. आणि संध्याकाळी कुठल्या तरी घरातून दालचिनी घातलेल्या ॲपल पायचा वास येतो. तो नाकात शिरला की माझे दात आपोआप एकमेकांवर घट्ट बसतात. मी आयुष्यभर पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम केलं, तेव्हा वासांची मला भीती नाही. पण हा एक वास मला सोसत नाही.

तो वास कळायला आधी बाल्टाझारबुवा कळायला हवेत.

बाल्टाझार रीटवेगर हे नाव तुम्ही ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. सोळाव्या शतकातला हा जर्मन धर्मशास्त्री. ल्यूथरपंथी, बेकरीवाल्याचा मुलगा, तोंडाने फटकळ. माझा नवरा श्रीधर नागपूरहून इतिहास शिकायला इकडे आला, तेव्हा त्याच्या गाईडने संशोधनासाठी या बुवांच्या लिखाणाची मायक्रोफिल्म त्याच्या हातात ठेवली. पुढे आयुष्यभर ती सुटली नाही. माझं लग्न एका माणसाशी झालं आणि संसार दोघांबरोबर केला. "बाल्टाझारबुवा आज काय म्हणतात?" असं मी जेवताना विचारायची आणि श्रीधर खरंच सांगायचा.

मंडळात याची फार पंचाईत व्हायची. सगळे इंजिनिअर नाही तर डॉक्टर. "तुमचे मिस्टर कुठल्या कंपनीत?" असं कुणी विचारलं की मी सांगायची, ते कॉलेजात शिकवतात, जुन्या जर्मन पाद्र्यांची भांडणं हा त्यांचा विषय. मग एखादे काका हळूच म्हणायचे, "एवढा हुशार मुलगा, यार, आणि हे काय घेऊन बसला!" श्रीधर हसायचा. घरी गणपतीला नैवेद्य दाखवून तो पुन्हा बुवांकडे जायचा. गणपतीचं आणि बुवांचं कधी भांडण झालं नाही.

बुवांची हकिकत थोडक्यात अशी. लढाईत कॅथलिक बादशहा जिंकला आणि हुकूम निघाला की चर्चमध्ये जुने झगे, जुन्या मेणबत्त्या, जुने उपास परत सुरू करा. विद्यापीठातले बरेचसे गुरुजी म्हणाले, झगा घातला काय नि न घातला काय, देवाला त्याचं काही नाही. अशा क्षुल्लक गोष्टींसाठी कशाला मरायचं? बुवांनी ऐकलं नाही. त्यांचं म्हणणं, गोष्ट क्षुल्लक असते ती आपण आपल्या मर्जीने केली तर. दाराशी शिपाई उभा करून करायला लावली, तर ती क्षुल्लक राहत नाही. एवढ्यासाठी त्यांची नोकरी गेली. नोकरी गेली, मग शहर गेलं, मग दुसरं शहर, मग तिसरं. बायको उर्सुला आणि मुलं गाडीत घालून बुवा गावोगाव हिंडले. घरोघरी बायकामुलांना समजावी अशी धर्माची सोपी प्रश्नोत्तरं त्यांनी लिहिली, आणि शत्रूंविरुद्ध पत्रकांमागून पत्रकं काढली.

त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे शापाच्या स्तोत्रांवरचं भाष्य. बायबलात काही स्तोत्रं अशी आहेत की त्यांत भक्त देवापाशी शत्रूचं वाईट मागतो. त्याचे दात पाड, त्याचं घर ओस पाड, त्याचं नाव पुसून टाक. सभ्य लोक ही स्तोत्रं वगळून पुढे जात. बुवांनी बजावलं की ज्याला कुणी घराबाहेर काढलेलं नाही, त्याने ती वगळण्याचा शहाणपणा करू नये.

"म्हणजे बुवा सूड घ्या म्हणतात," मी एकदा म्हटलं.

"नाही गं," श्रीधर म्हणाला. "ते म्हणतात, शाप मोठ्याने द्या, पण द्यायचा तो देवाच्या हातात. आपले हात रिकामे ठेवायचे."

"मी तेवढी आस्तिक नाही. माझं मलाच करावं लागेल."

तेव्हा मी हे थट्टेत बोलले होते.

आता हॅरल्ड. श्रीधरच्या कॉलेजात धर्माच्या इतिहासाचे दोनच प्राध्यापक, एक श्रीधर आणि दुसरा हॅरल्ड. उंच, लालबुंद, टाळी देऊन हसणारा. आमच्या दिवाळीला तो कुर्ता घालून यायचा आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचून खायचा. आमची मुक्ता त्याला हॅरल्डकाका म्हणायची. मुक्ताला सायकल शिकवली ती त्याने, कारण श्रीधरला स्वतःलाच धड येत नव्हती. मी नाइट कॉलवर असले की दोघं आमच्या किचनमध्ये खिचडी करून खायचे आणि बुवांवर वाद घालत बसायचे. मी घरी आले की सिंकमध्ये करपलेलं पातेलं असायचं.

त्या वर्षी, अशीच पानं गळत असताना, कॉलेजात मुलं कमी आली आणि दोनपैकी एक जागा बंद करायचं ठरलं. सगळ्या प्राध्यापकांची सभा भरली. श्रीधर संध्याकाळी घरी आला, हातपाय धुतले आणि माझ्याबरोबर मेथी निवडायला बसला. निवडता निवडता त्याने सांगितलं.

"हॅरल्ड उभा राहिला. म्हणाला, श्रीधर मला भावासारखा आहे."

"मग?"

"म्हणाला, पण खरं सांगायचं तर त्याचा बाल्टाझार आजच्या मुलांच्या काही कामाचा नाही. एक संतापी, विसरलेला माणूस. आणि म्हणाला, श्रीधरचे उच्चार मुलांना कळत नाहीत, ती तक्रार करायला संकोचतात."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. "सगळ्यांसमोर? तू तिथे असताना?"

"मी दुसऱ्या रांगेत होतो."

"आणि तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? मत आहे त्याचं." त्याने एक पिवळं पान बाजूला काढलं. "जागा गेली माझी, नीला."

उच्चार! वीस वर्षं ज्याच्याशी खिचडी खात वाद घातले, त्याचे उच्चार त्या दिवशी कळेनासे झाले. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे.

पुढच्याच रविवारी दाराची बेल वाजली. हॅरल्ड उभा होता, हातात ॲपल पाय. मी जिन्यावरून पाहिलं आणि वरच थांबले. मला वाटलं श्रीधर दार लावून घेईल. त्याने दार उघडलं, आलं घालून चहा केला आणि दोघं जण खाली बोलत बसले. एकदा तर हसल्याचाही आवाज आला. तो दालचिनीचा वास जिन्यावरून वर माझ्यापर्यंत चढत आला. हॅरल्ड गेल्यावर श्रीधर म्हणाला, "अगं, चांगला झालाय पाय. थोडा खाऊन तरी बघ." मी उरलेला पाय कचऱ्यात टाकला. काचेच्या भांड्यासकट टाकला. भांडं हॅरल्डच्या बायकोचं होतं, चांगल्यापैकी जड होतं. ते फुटलं तेव्हा मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

इंग्रजीत समोरच्याला हाक मारायला एकच शब्द, 'यू'. पण माझ्या डोक्यात मराठी चालतं. इतकी वर्षं हॅरल्ड माझ्या मनात 'तू' होता. त्या रविवारपासून 'तुम्ही' झाला. मराठीत माणसाला घराबाहेर काढायची ही एक सभ्य रीत आहे. ज्याला काढलं त्याला पत्ताही लागत नाही.

श्रीधरने ऑफिस रिकामं केलं. पुस्तकांची खोकी गॅरेजमध्ये आली आणि माझी गाडी ड्राइव्हवेवर गेली. ती सबंध पानगळ तो डायनिंग टेबलावर बसून शेवटची प्रकरणं लिहीत होता. बुवांच्या मरणाशी येऊन ठेपला होता. बुवा एका रंगाऱ्याच्या घरी भाड्याच्या खोलीत वारले. गावच्या पाद्र्यांनी चर्चच्या आवारात पुरायला जागा दिली नाही, म्हणून वेशीबाहेर पुरलं. मग उर्सुलाने त्यांचं शेवटचं लिखाण उचललं, मुलं बरोबर घेतली आणि दुसऱ्या शहरी जाऊन ते छापून आणलं. त्यात बुवांच्या प्रत्येक वैऱ्याचं नाव होतं. तिने एकही गाळलं नाही.

मी ते प्रकरण वाचून पाहिलं. "उर्सुलाला फक्त अर्धं पान?"

"तिच्याबद्दल माहितीच तेवढी आहे," श्रीधर म्हणाला.

पण मला तिची बाकीची पानं माहीत होती. गाडी खडखडत चाललीय, मागे पोरं रडताहेत, आणि ही बाई मांडीवर कागदांचं गाठोडं घट्ट धरून बसलीय. डोळे कोरडे. मला तिच्या हातांची पकडसुद्धा कळत होती.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना श्रीधर खाली बसला आणि उठला नाही. धमन्या तुंबलेल्या होत्या. कुठल्याही सभेने धमन्या तुंबत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको. जन्मभर मी मरणाची कारणं लिहिली, नेमकी, एका ओळीत. त्या एका मरणाचं कारण मात्र मी माझ्यापुरतं वेगळं लिहिलं. शास्त्राने मला चूक म्हटलं तरी चालेल.

अंत्यविधीला हॅरल्ड आला. फूल ठेवून माझ्याकडे वळला. मी तोंड फिरवलं. नंतर त्याचे फोन यायचे, मी कट करायची. वर्षं गेली. मुक्ता नोकरीला दूर क्युपर्टिनोला गेली. मी रिटायर झाले. त्याची बायको गेल्याचं मंडळातल्या कुणाकडून तरी कळलं. मी "अरेरे" म्हटलं आणि भाजणी मळत राहिले. खोटं कशाला बोलू, मनात आलं, आता कळू दे घर ओस पडणं काय असतं ते. शापाची स्तोत्रं मी श्रीधरच्या भाषांतरात इतकी वाचली होती की त्यांतली कितीतरी तोंडपाठ झाली होती. बुवा बरोबर होते. ती वगळू नयेत.

गेल्या वर्षी श्रीधरचं पुस्तक निघालं. त्याच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी मेहनत घेऊन ते नीट लावलं आणि एका छोट्या प्रकाशकाने छापलं. कॉलेजजवळच्या ल्यूथरन चर्चच्या हॉलमध्ये प्रकाशन ठरलं. पानगळ ऐन भरात होती. आणि हॅरल्डचा फोन आला. का कोण जाणे, मी उचलला.

"नीला, मला दोन शब्द बोलू देशील? श्रीधरबद्दल?"

आवाज म्हातारा झाला होता. मी खिडकीबाहेर पाहिलं. वारा सुटला होता आणि झाडं भराभर उघडी पडत होती. माझ्या डोक्यात एकदम सगळं लख्ख दिसलं, स्लाइड फोकसमध्ये यावी तसं.

"बोलू नका," मी म्हटलं. "वाचा. मी एक पान काढून देईन, ते वाचा."

"आनंदाने," तो म्हणाला. बिचाऱ्याला खरंच आनंद झाला होता.

मुक्ता आली होती. तिला मी पान दाखवलं. तिने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "आई, धिस इज क्रुएल."

"हो."

"बाबांना आवडलं असतं?"

"बाबांचं काय सांगतेस? त्याला तर तो पायसुद्धा आवडला होता."

"लेट इट गो ना, आई. ही इज ओल्ड."

"मी कुठे तरुण आहे?"

पान कुठलं ते सांगते. बुवांना कास्पार नावाचा मित्र होता. एकाच विद्यापीठात शिकलेला, बुवांच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा राहिलेला. नगरसभेत बुवांना हाकलायचा ठराव आला तेव्हा हा कास्पार बोलला. श्रीधरने ते लिहिलंय. कधी लिहिलं, तर त्याच पानगळीत, आमच्या डायनिंग टेबलावर. लिहिताना त्याच्या मनात कोण होतं हे मी कधी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

हॉल भरला होता. श्रीधरचे विद्यार्थी, कॉलेजातले जुने प्राध्यापक, मंडळातल्या काही काकू शाली पांघरून. कॉलेजच्या त्या सभेला बसलेले निदान सहा-सात जण तरी मला ओळखता आले. हॅरल्ड काठी टेकत पुढे आला. मी पुस्तक उघडून त्याच्या हातात दिलं आणि बोटाने दाखवलं, इथून इथपर्यंत. पानाच्या तळाशी थांबायचं.

त्याने चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

"कास्पार उठला तेव्हा बाल्टाझारला वाटलं, आपल्या बाजूने बोलायला कुणीतरी उठलं. कास्पारचा आवाज मऊ होता. तो म्हणाला, बाल्टाझार विद्वान आहे, प्रामाणिक आहे, माझा मित्र आहे..."

इथे हॅरल्ड थांबला. त्याने मान वर केली आणि मला शोधलं. मी पहिल्या रांगेत बसले होते. नजर हलवली नाही. हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. ज्यांना कळायचं त्यांना कळलं होतं.

"...पण," त्याने वाचलं, "शहराला आज विद्वत्तेपेक्षा शांततेची गरज आहे. कुठल्याही शत्रूला जे साधलं नव्हतं, ते मित्राच्या एका 'पण'ने साधलं."

पानाचा तळ आला. त्याच्या कपाळावर घाम होता. मला काय वाटलं ते लपवत नाही. गोड वाटलं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी घशाखाली उतरावं तसं गार आणि गोड. इतक्या वर्षांची तहान होती. मनात म्हटलं, उर्सुलाबाई, बघा.

आणि हॅरल्डने पान उलटलं.

मी खुर्चीतून अर्धी उठले. पुढचं पान मला पाठ होतं, म्हणूनच तर मी तळाशी थांबायला सांगितलं होतं. पण तो वाचत राहिला, सावकाश, एकेक शब्द पायाने चाचपावा तसा.

"कास्पारला मी इथे खलपुरुष करू शकलो असतो. बाल्टाझारने केलंच. पण मला त्या थंडीत त्याच्या घरी डोकवावंसं वाटतं. लहान मुलं, आजारी बायको, वेशीबाहेर सैन्य. तो दुष्ट नव्हता, तो भ्यायला होता. भ्यालेल्या माणसाला मित्राची सगळ्यात जास्त गरज असते, आणि कास्पारने त्याच दिवशी नेमका तोच घालवला होता."

हॅरल्डने पुस्तक मिटलं. तो रडत होता. मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. श्रीधरचा एक विद्यार्थी पुढे येऊन त्याला मिठी मारून गेला. मंडळातल्या एका काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "किती मोठं मन गं तुझं, नीला. त्यालाच वाचायला दिलंस!"

माझं मोठं मन! मला ओरडावंसं वाटलं. मी त्याला जाळायला उभा केला होता, आणि माझ्याच नवऱ्याने, मेल्यावरही, उठून त्याच्या अंगावर पाणी ओतलं. त्या क्षणी मला हॅरल्डपेक्षा श्रीधरचा राग आला. हा माणूस जिवंत असतानाही असाच करायचा. मी भांडण हातघाईवर आणलं की हा चहा ठेवायचा.

मी कुणाशी न बोलता बाहेर आले. मुक्ता मागोमाग आली. पार्किंग लॉटमध्ये पानं नुसती उडत होती. मी गाडीचं दार उघडत होते तेवढ्यात हॅरल्ड काठी टेकत आमच्याकडे येताना दिसला. मध्येच थांबला आणि लॉटच्या कडेच्या बुटक्या भिंतीवर बसला.

"थँक यू, नीला," तो म्हणाला.

"आभार मानू नका. मी ते तुमच्यासाठी केलं नाही. तुम्हांला सगळ्यांसमोर लाज वाटावी म्हणून केलं."

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "पान बघताच कळलं. लाज त्या सभेपासूनच वाटतेय. तेव्हा मी घाबरलो होतो, माझी जागा..." वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला दम लागला.

आणि मग मी, इच्छा नसताना, त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे डॉक्टरने पाहावं तसं पाहिलं. बुटांच्या नाड्या सोडलेल्या. घोटे मोज्यांवरून फुगून आलेले. मानेची शीर टरारलेली. ओठांना निळसर झाक.

"रात्री उशा किती लागतात?" मी विचारलं.

त्याला प्रश्न विचित्र वाटला असावा. "हल्ली खुर्चीतच झोपतो. आडवं झालं की गुदमरतं."

"घरी कोण असतं?"

"कोणी नाही."

पुढे त्याची हृदयाची झडप बदलली आणि आज तो बरा आहे, हे आधीच सांगून टाकते. कुणाचा जीव टांगणीला लावायचा नाहीये. पण त्या क्षणी हे कुणालाच माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की हा माणूस आज घरी गेला तर थंडी संपेपर्यंत टिकायचा नाही. आणि मला काहीच करायचं नव्हतं. फक्त "टेक केअर" म्हणून गाडीत बसायचं. इथे सगळेच म्हणतात. कुणाला कधी कळलं नसतं. हात रिकामेच राहिले असते. मी तिथे किती वेळ उभी होते ते मुक्ताला विचारा. ती म्हणते, बराच वेळ.

"मुक्ता," मी म्हटलं, "गाडी काढ. इमर्जन्सीत न्यायचंय यांना."

"आत्ता?"

"आत्ता."

आम्ही दोघींनी त्याला दोन बाजूंनी धरून उठवलं. तो जड होता आणि त्याच्या कोटाला म्हाताऱ्या एकट्या घरांचा वास येत होता. मागच्या सीटवर बसवल्यावर त्याने माझी बाही धरली.

"नीला, तू मला माफ केलंस?"

"नाही," मी म्हटलं. "श्रीधरने केलं, ते त्याचं त्याच्यापाशी. माझा राग अजून संपलेला नाही, आणि तो काढायला मला तुम्ही जिवंत हवे आहात."

तो हसला की त्याला धाप लागली, सांगता येणार नाही. सीटबेल्ट त्याला सापडेना. मी वाकले, पट्टा त्याच्या छातीवरून ओढला आणि खटकन लावला, जरा जास्तच जोरात.